पदनामात न लिहिलेलं काम

प्रश्न : मॅडम, मी २८ वर्षांचा आहे. मेकॅनिकलची पदवी सोलापुरातच घेतली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात प्लॅनिंगला आहे, काही महिन्यांत पाच वर्षं पूर्ण होतील. कोणत्या लूमवर कोणता माल लावायचा, सूत किती लागेल, भीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, कधी संपेल, गाडी कधी भरेल, हे सगळं मी एक्सेलवर बसवायचो. मागच्या वर्षी मालकांनी जुने शटल लूम काढून रॅपिअर हे नवे वेगवान लूम आणले आणि ऑफिसात ईआरपी सॉफ्टवेअर आलं. माझं निम्मं काम आता ते सॉफ्टवेअर करतं. लूम बसवायला आलेले इंजिनिअर हिंदी-इंग्रजीत बोलायचे, आमचे बरेच कामगार घरी तेलुगू बोलणारे. मीही सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू येणारा, म्हणून मला मध्ये उभं केलं. त्या दिवसांत जेवढं बरं वाटलं तेवढं या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. मी रजेवर होतो त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीतल्या दोघांनी कोणाला न विचारता भीम बदलला आणि लूम सुरू केला. अजूनही कामगार "अन्ना, इटु रा" (दादा, इकडे ये) म्हणून हाक मारतात आणि मी जातो. पण आमचे साहेब म्हणतात, ते तुझं काम नाही, तू तुझं टेबल सांभाळ. चाकणच्या एका गोदामात प्लॅनिंगचीच नोकरी मिळतेय, महिना नऊ हजार जास्त. वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. ते म्हणतात, हातातलं सोडू नको. आई अजून विड्या वळते. माझ्यात खरंच काही दडलेलं आहे, की ही चार दिवसांची हौस आहे? आणि असलं तरी त्याचा पगार कोण देणार?

उत्तर : आधी निर्णय सांगते, कारणं मागून. चाकणची नोकरी आत्ता घेऊ नका. आहे त्या कारखान्यात अजून एक वर्ष काढा, मात्र आजवर काढलीत तशी नाही.

तुम्हाला जे सापडलंय ते हौस नाही, हे मी तुमच्या एका ओळीवरून म्हणते. ती ओळ तुम्हाला बरं वाटल्याची नाही. बरं अनेक गोष्टींनी वाटतं. रोजच्या टेबलावरून उठून लूमच्या खात्यात उभं राहायला मिळालं, चार लोकांनी मान दिला, एवढ्यानंही वाटतं. माझं लक्ष गेलं ते तुमच्या रजेच्या आठवड्याकडे. तुम्ही नसताना दोघांनी भीम बदलला आणि लूम चालू झाला. रॅपिअरवर टॉवेलचा भीम बदलणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही, पण तुम्हाला माहीत आहे. दोन भीम असतात, एक जमिनीच्या, म्हणजे पायाच्या धाग्याचा आणि एक पाईलचा, म्हणजे वरच्या फाशांचा. जमिनीचा धागा ताठ हवा, पाईलचा सैल हवा. दोन पिक, म्हणजे आडवे धागे, थोडे मागे थांबतात, तिसऱ्या पिकाला फणी तिन्ही मिळून पुढे रेटते, आणि सैल धाग्याचा फासा वर उभा राहतो. तो फासा म्हणजेच टॉवेल. दोन्ही भीमांचा ताण जरा चुकला की फासे खालीवर होतात आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे कमी दर्जात, जातो. हे ज्यांनी आयुष्यभर शटल लूम चालवला त्यांच्या हाताला एका वेगळ्या यंत्रावर बसवणं, आणि असं बसवणं की शिकवणारा गैरहजर असला तरी ते टिकावं, हे सगळ्यांना जमत नाही. मी या शहरातल्या कारखान्यांत आधी डिझाईनला आणि नंतर माणसं निवडण्या-शिकवण्याच्या कामाला सारं आयुष्य घालवलं. हुशार माणसं पुष्कळ पाहिली. आपल्या गैरहजेरीत काम टिकवणारी फार थोडी.

आता बदलाबद्दल. तुमच्या प्रश्नात एक भीती आहे जी तुम्ही स्पष्ट लिहिली नाही : एक्सेलवाला माणूस म्हणून माझी किंमत संपली का? या भीतीला हसण्यावारी नेणारे लोक मला आवडत नाहीत. यंत्र आलं की काही कामं खरंच जातात. मी ते जवळून पाहिलंय, म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

मी कामाला लागले तेव्हा चादरीची नक्षी आलेख कागदावर निघायची. एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. चौकोन रंगवला तर ताण्याचा धागा वर, कोरा ठेवला तर खाली. मोर, कमळ, वेलबुट्टी, सगळं त्या चौकोनांत बसवायचं. कागद झाला की तो पंचिंगवाल्याकडे जायचा. तो एका ओळीसाठी एक पुठ्ठा घेऊन त्याला भोकं पाडायचा. भोक असेल तिथे जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, सुई आत जाते, हूक उचलला जातो, धागा वर येतो. मग ते पुठ्ठे ओळीने दोऱ्यात ओवायचे आणि त्यांची माळ मागावर चढवायची. नक्षी मोठी असली की पुठ्ठे हजारांच्या घरात जायचे. एक पुठ्ठा उलटा ओवला गेला तरी सगळ्या चादरींवर आडवी चूक उमटायची. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमाराला ही युक्ती पक्की केली, आणि १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच भोकांचे पुठ्ठे घेतले. तुमचं निम्मं काम करणाऱ्या त्या संगणकाच्या वंशावळीत एक माग आहे, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. सोलापूरच्या मुलाला तर ते माहीत असायलाच हवं.

मग संगणकावर डिझाईन काढणारं कॅड आलं, इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले. पुठ्ठे गेले. पुठ्ठे मारणाऱ्यांचं आणि ओवणाऱ्यांचं काम गेलं, आणि ते परत आलं नाही. त्यातल्या काहींनी रिक्षा घेतली, काही चेकिंग-फोल्डिंगला लागले, काही घरी बसले. हे गोड करून सांगण्यासारखं नाही.

पण आमच्याकडे पुठ्ठे मारणारे एक गृहस्थ होते. चौथीपर्यंत शिकलेले, संगणकाला हातही न लावलेले. आमची नवी पोरं स्क्रीनवर डिझाईन काढायची, रंगीत, सुरेख. ते मागे उभे राहून बघायचे आणि एखाद्या जागी बोट ठेवायचे, "हे सुटंल बघा." म्हणजे त्या जागी धागा इतक्या पिकांवरून न गुंतता जातोय की धुताना तो ओढला जाईल, नखात अडकेल. ज्याला आम्ही फ्लोट म्हणतो तो फार लांब झालाय. पोरांना तो स्क्रीनवर दिसायचा नाही, कारण स्क्रीनवर ते चित्र असतं. त्यांना दिसायचा, कारण त्यांनी वर्षानुवर्षं ती भोकं हाताने पाडली होती आणि कोणत्या ओळीत सलग किती भोकं आली की मागावर काय होतं हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांना मजुरी मिळायची पुठ्ठ्यावर. नगावर पैसे देणाऱ्याला नग दिसतो, त्यामागचं डोकं दिसत नाही. पुठ्ठे बंद झाले तेव्हा ते डोकं उघड्यावर आलं. डिझाईन मागावर जाण्याआधी तपासायचं काम मी त्यांच्याकडे दिलं. मालकांना ते पटवायला मला बरेच दिवस लागले, पण फुकट गेलेल्या मालाचा हिशेब समोर ठेवल्यावर पटलं.

तुमचं तेच झालंय. प्लॅनिंगच्या तक्त्यात तुम्ही इतके गुंतला होता की त्याखालचं तुमचं दुसरं काम कोणाला दिसलं नाही, तुम्हालाही नाही. सॉफ्टवेअरने वरचा थर काढून नेला. या शहरात हे आधीही घडलंय. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच आपण जुनी गिरणी म्हणतो. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा नुसते पगार बुडाले नाहीत, गिरणीतले जॉबर, फिटर, वायंडर, साईझर असे कसलेले कामगार बाहेर पडले आणि पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडांत शिरले. कामाची जागा बदलली, ज्ञान तेच राहिलं. तुमचे वडीलही त्यांतलेच. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. ते नक्षीमुळे मिळालं असं लोक समजतात. मला विचाराल तर त्यात या स्थलांतर करणाऱ्या हातांचा वाटा मोठा आहे.

आता तेलुगूचं. तुम्ही लिहिलंय, "म्हणून मला मध्ये उभं केलं", जणू तुमचं काम फक्त दुभाष्याचं होतं. पूर्व भागात तेलुगू कोणाला येत नाही? तेलंगणातून पिढ्यान्पिढ्या आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर भरलेलं आहे. अशोक चौकापासून साखर पेठेपर्यंत कोणत्याही पोराला उभं केलं असतं तर शब्दाला शब्द त्यालाही देता आला असता. तुम्ही शब्द दिले नाहीत, क्रम दिला. लूम बसवणारा इंजिनिअर मॅन्युअलच्या क्रमाने बोलत होता, आधी यंत्राचे भाग, मग सेटिंग, मग चूक आली तर काय. तुम्ही, माझा अंदाज आहे, उलट बाजूने सुरुवात केली असेल : फासा खालीवर झाला तर आधी काय बघायचं. कामगाराला चुकीपासून मागे जायची सवय असते. शटल लूम मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक टाकतो, तेव्हा डोळ्याला चूक दिसते आणि हात पोहोचतो. रॅपिअर त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने चालतो, तिथे हाताला वेळच नाही. आता आधी कळायला हवं, आवाजावरून, पॅनेलवरच्या दिव्यावरून. हा फरक ज्याला समजला आणि ज्याने तो दुसऱ्याला त्याच्या भाषेत समजावला, त्याला मी शिक्षक म्हणते, दुभाषी नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचली. कॉलेजात असताना तुम्ही घरी तेलुगू बोलतो हे मुलांना सांगत नव्हता का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण पूर्व भागातल्या कितीतरी मुलांनी मला हे सांगितलंय, की होस्टेलवर फोन आला की ते जिन्यात जाऊन बोलायचे. आई विड्या वळते हेही मुलाखतीत सांगायचं नाही, "गृहिणी" असं लिहायचं. तुमच्या बाबतीत हे खरं असेल तर मला मनापासून वाईट वाटतं, आणि तुम्ही ते आता थांबवावं असं वाटतं. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला पान कापणं, तंबाखूचा अंदाज, दोऱ्याचा वेढा हे पोरीला शिकवावं लागतं, आणि खोटं शिकवलं तर माल छाटला जातो. तुम्ही शिकवण्याचे पहिले धडे बहुधा त्या सुपासमोर बसूनच पाहिलेत.

कला आहे की हौस, हे तपासायचं कसं, ते तुम्ही विचारलंय. एक कसोटी मी सांगितलीच, तुमच्या गैरहजेरीत काम टिकतं का. दुसरी, ज्यांना तुमची गरज नाही तेही विचारायला येतात का. वीस वर्षांचा अनुभवी फिटर येऊन "जरा बघ की" म्हणतो का? नवशिका कोणालाही विचारतो, जाणता माणूस निवडून विचारतो. आणि तिसरी जरा कठीण आहे : तीच गोष्ट दहाव्यांदा, सर्वांत हळू शिकणाऱ्याला सांगताना तुम्हाला राग येतो, की दहाव्यांदा सांगायची नवी रीत सुचते? पहिल्या चार वेळा सगळ्यांनाच शिकवायला आवडतं. या तिसरीचं उत्तर तुम्हीच देऊ शकता, आणि ते प्रामाणिकपणे द्या, कारण शिकवण्याचं काम मुख्यतः दहाव्या वेळेचं असतं.

सोलापुरात असा विषय निघाला की कोणीतरी अतुल कुलकर्णींचं नाव घेतोच. अभियांत्रिकी सोडली आणि नाटकात गेले, मग तूही सोड! यात मधली पायरी गाळली जाते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाण्याआधी त्यांनी इथे 'नाट्य आराधना'त काम केलं होतं. हौशी संस्था, इथलीच माणसं, इथलेच प्रेक्षक. म्हणजे गावातच, ज्यांच्यासमोर चुकायला हरकत नाही अशा लोकांसमोर, आधी पारखून झालं होतं. तुमचा कारखाना तुमच्यासाठी तसा आहे. चाकणच्या गोदामात तुम्हाला ना हे कामगार मिळणार, ना ही भाषा, ना ते यंत्र. तिथे तुम्ही पुन्हा तक्ता बसवणारे, आणि तिथलं सॉफ्टवेअर तुमच्या इथल्यापेक्षा पुढचंच असणार.

आता काय करायचं. पहिलं काम लिहून काढण्याचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतले कसलेले कामगार सैन्यात गेले आणि नवख्यांना झपाट्याने शिकवायची वेळ आली. १९४० मध्ये तिथल्या सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम सुरू केला, आणि युद्धानंतर जपानी कारखान्यांनी तो उचलला. त्यातली शिकवण्याची रीत चारच पायऱ्यांची आहे : शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा आणि सांगा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. ऐकायला साधी वाटते. तिचा जीव आहे तो त्याआधी करायच्या एका कागदात. एक काम घ्यायचं, समजा भीम बदलणं, आणि तीन रकाने आखायचे. पहिल्यात कामाचे टप्पे. दुसऱ्यात प्रत्येक टप्प्यात जिथे काम बिघडतं किंवा बोट कापतं तो मुद्दा. तिसऱ्यात तसं का. बहुतेक शिकवणारे पहिला रकाना सांगून थांबतात. कामगार विसरतो तो दुसरा, आणि तिसरा सांगितला की विसरत नाही.

तुम्ही हा कागद तेलुगूत बोलून करा. आधी लिहू नका. जे दोघे तुमच्या रजेत भीम बदलून गेले, त्यांना लूमजवळ उभं करा आणि त्यांच्याकडून ऐका, फोनवर रेकॉर्ड करा. तुम्ही शिकवलेल्यापेक्षा त्यांनी काहीतरी वेगळं, सोपं केलेलं असेल. ते कागदावर आलं पाहिजे, आणि त्यांच्या नावाने आलं पाहिजे. मग त्याची मराठी करा. कामगारांना लिपी कोणती चालते हे विचारून घ्या. सोलापुरात घरी तेलुगू बोलणारे पुष्कळजण मराठी शाळेत शिकलेले असतात, त्यांना तेलुगू कानाला लागते पण वाचायला देवनागरी लागते. म्हणजे बोल तेलुगू, अक्षरं देवनागरी. असा कागद कोणत्याही लूम कंपनीकडे तयार मिळत नाही. तो फक्त तुम्हीच करू शकता.

भीम बदलाचा कागद झाला की गाठी मारण्याचा करा, मग पाईलच्या ताणाचा. तीन पुरेत. जास्त करायच्या नादात एकही पुरा होत नाही.

दुसरं काम मोजण्याचं, आणि इथे तुमची प्लॅनिंगची वर्षं उपयोगी पडतात. ती वाया गेली असं मुळीच समजू नका. भीम संपल्यापासून पहिला चांगला टॉवेल निघेपर्यंत लूम किती वेळ उभा राहतो, हा आकडा ईआरपीत असतो किंवा पाळीच्या वहीत. सेकंडचा माल किती निघतो, कोणत्या लूमवर, कोणत्या पाळीत, हेही असतं. तुम्ही ज्यांना शिकवलं त्यांची पाळी आणि ज्यांना शिकवलं नाही त्यांची पाळी, दोन्ही शेजारी मांडा. खोटं सजवू नका. शिकवल्यावरही एखाद्या पाळीचा आकडा सुधारला नसेल तर तोही दाखवा, आणि का सुधारला नाही ते शोधा. कधी सूतच खराब असतं, कधी हवेतल्या ओलाव्याचा प्रश्न असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात धागा तुटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग साहेबांकडे जा, आणि साहेबांना मध्ये टाळून थेट मालकांकडे जाऊ नका. तुमचे साहेब वाईट नाहीत असं मला वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ऑर्डरची तारीख आहे आणि तुम्ही खात्यात गेलात की टेबल रिकामं राहतं. त्यांची अडचण खरी आहे. तिचं उत्तर घेऊन जा : आठवड्यातले अमुक दिवस, पाळी बदलताना अमुक वेळ मी खात्यात असेन, आणि त्या वेळेत टेबलावरचं हे-हे ईआरपी आपोआप काढेल. पहिल्या बैठकीत नवं पद मागू नका. आपल्याकडचे बहुतेक कारखाने घरचे आहेत, वडील-मुलगा-पुतणे मिळून चालवतात. तिथे पद मागितलं की प्रश्न मानाचा होतो, आणि वाचलेला माल दाखवला की प्रश्न हिशेबाचा होतो. आधी वेळ मागा. तीन महिन्यांनी भत्ता मागा. वर्षाने पद मागा, प्रशिक्षण प्रमुख म्हणा, काहीही म्हणा. पगार कोण देणार, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे : सेकंडमध्ये जाणारा जो माल पक्का होईल, तोच देणार. दुसरं कोणी देत नाही.

शिक्षणाचंही थोडं सांगते. आयटीआयमध्ये शिकवण्यासाठी केंद्र सरकारचा एक वर्षाचा सीआयटीएस नावाचा प्रशिक्षक अभ्यासक्रम असतो. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या 'समर्थ' योजनेत कारखान्यांतच कामगारांना शिकवलं जातं, आणि त्यासाठी प्रशिक्षक लागतात. ज्यांना काम येतं पण कागद नाही अशा कामगारांसाठी पूर्वकौशल्याला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. तुमच्या त्या दोघांना ते मिळवून द्या, तुमचं पहिलं खरं यश तेच असेल. स्वतःसाठी एवढ्यात कोणता कोर्स लावू नका. नोकरीला कंटाळलेली मुलं आधी कोर्स लावतात, आणि कोर्स संपला की कंटाळा जागच्या जागी असतो. आधी तीन कागद, मग काय उणं पडतं ते बघून कोर्स.

आता पैशाचं, कारण नऊ हजार ही लहान रक्कम नाही आणि घरची ओढाताण मला कळते. चाकणला खोली, खानावळ, महिन्याला दोनदा सोलापूरला येणं-जाणं धरा, आणि खाली काय उरतं ते कागदावर मांडा. आणखी एक गोष्ट तुमच्या वयाच्या मुलांना कोणी सांगत नाही. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. समजा ती रक्कम १८,००० असेल, तर पाच वर्षांचे जवळपास ५२ हजार होतात. तुम्ही पाच वर्षांच्या उंबरठ्यावर आहात आणि राजीनाम्याचा विचार करताय! भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. पाच वर्षं भरण्याआधी पैसे काढले तर कर लागू शकतो. नोकरी बदलली तरी ती रक्कम काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या निधीच्या कायम क्रमांकावर, नव्या खात्यात वळवा. आणि तुमची नेमणूक कायम आहे की कंत्राटावर, हे नेमणूकपत्र काढून आजच बघा.

वडिलांबद्दल एवढंच, की त्यांच्याशी वाद घालू नका. "हातातलं सोडू नको" हे ते भीतीने म्हणतात असं तुम्हाला वाटत असेल. गिरणीचा भोंगा थांबलेला ज्याने पाहिला, त्याच्यासाठी ते भीतीचं वाक्य नाही, अनुभवाचं आहे. पण त्यांनाच विचारा, गिरणीतून यंत्रमागावर गेल्यावर त्यांना तिथलं काम कोणी शिकवलं. कोणीतरी शिकवलं असेल, आणि त्या माणसाचं नाव त्यांना आठवत असेल. तुम्ही काय करायचं म्हणताय ते त्यांना त्यावरून लगेच कळेल, माझ्या या लांबलचक उत्तराहून लवकर.

वर्षभर हे सगळं करूनही साहेब हलले नाहीत, मालकांनी आकडे बघून बाजूला ठेवले, तर मग जरूर बाहेर पडा. पण तेव्हा प्लॅनिंगच्या नोकरीसाठी अर्ज करू नका. तीन कागद, पाळ्यांचे आकडे आणि प्रमाणपत्र मिळालेल्या कामगारांची यादी घेऊन जा. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, इचलकरंजी, भिवंडी, लूम विकणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हिस विभाग, यांना अशा माणसाची गरज असते. नव्या लूमवर कोट्यवधी घालणाऱ्याला ते चालवायला शिकवणारा माणूस सापडत नाही, ही तक्रार मी आजही ऐकते. शाळेच्या गणवेशाचा धंदा आपल्याकडे वाढतोय, तिथेही नव्या शिलाई यंत्रांवर बायकांना बसवणारं कोणी हवं असतं, आणि त्यातल्याही अनेकजणी घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात.

तुमच्याकडे पगारवाढीचं बोलणं साधारण एप्रिलमध्ये होत असेल. त्याआधी तीन महिन्यांचे आकडे हातात हवेत, म्हणजे जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत भीम बदलाचा पहिला कागद लूमशेजारी लागलेला हवा. तो लावण्याआधी त्या दोघांना वाचून दाखवा आणि जिथे ते "असं नाही अन्ना" म्हणतील तिथे बदला. आणि तो लागला की मला एक प्रत पाठवा, दुसऱ्या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय ते मला वाचायचंय.